खासगी रस्त्यावर सुखाने राहू इच्छिणाऱ्यांसाठी

नागपुरात मानेवाड्याच्या पलीकडे, रिंगरोड ओलांडून आत गेल्यावर जे ले-आउट, म्हणजे शेतजमिनीचे प्लॉट पाडून झालेल्या वसाहती लागतात, त्यांपैकी एखाद्यात प्लॉट घेण्याचा विचार आपण करीत असाल, तर प्रथम आपले अभिनंदन. त्यापाठोपाठ थोडा सल्लाही घ्यावा, कारण गेल्या महिन्यात आमच्या फाटकासमोरचे गडरलाइनचे, म्हणजे मैलापाण्याच्या नळाचे, चेंबर तीन दिवस ओसंडून वाहत होते आणि त्या तीन दिवसांत मला जे ज्ञान प्राप्त झाले, ते एकट्याच्या पोटात ठेवणे बरे नव्हे.

सर्वांत आधी कायदा वाचावा. महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात खासगी रस्त्याची व्याख्या दिलेली आहे: जो सार्वजनिक नाही, तो खासगी. असा रस्ता सपाट करा, त्यावर खडी टाका, पाण्याचा निचरा करा, अशी नोटीस लगतच्या मालकांना देण्याची तरतूदही त्यात आहे आणि हे सगळे झाल्यावर तो सार्वजनिक घोषित करता येतो. म्हणजे रस्ता चांगला करण्यासाठी आपल्याला जेव्हा कोणाची गरज असते तेव्हा तो आपला असतो आणि आपण तो चांगला करून ठेवला की सर्वांचा होतो. यात कोणाला काही विचित्र वाटत असल्यास त्याने फ्लॅट घ्यावा.

पथदिवा हवा असल्यास स्वतःच्या मीटरवरून कुंपणाच्या भिंतीवर बल्ब लावावा आणि त्यालाच पथदिवा म्हणावे.

पावसाळ्यात काळ्या मातीत स्कूटर रुतल्यास हॉर्न वाजवू नये, कारण ऐकणारे सगळे स्वतःही रुतलेले असतात.

आता चेंबरविषयी. ही लाइन आम्ही बावीस घरांनी वर्गणी काढून टाकली, रीतसर अर्ज करून, सांगितले तेवढे पैसे भरून ती मुख्य लाइनला जोडून घेतली आणि त्याच्या पावत्या माझ्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. मंगळवारी सकाळी तक्रार नोंदवली. बुधवारी दुपारी सक्शनची गाडी आली, हे मी कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा रस्ता संपतो आणि वीतभर खाली मुरूम सुरू होतो. गाडीची पुढची चाके बरोबर त्या कडेवर येऊन थांबली. तेथून चेंबर दिसत होते. चेंबर दिसले नसते तरी वास येतच होता. पाइप सोडला असता तर सहज पोहोचला असता. पण गाडीवरचा मुलगा खाली उतरला, त्याने नाकाला रुमाल लावला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, “काकाजी, हा रस्ता प्रायव्हेट आहे न जी, आमाले अंदर घेता येत नाही.” त्याच्यावर मी रागावलो नाही. ज्याने त्याला हे वाक्य पाठ करून पाठवले, तो वातानुकूलित खोलीत बसलेला होता. महापालिकेच्या झोन कार्यालयात गेलो तर सांगण्यात आले की, हा ले-आउट त्या दुसऱ्या कार्यालयाचा आहे. दुसऱ्या कार्यालयात सांगण्यात आले की, ले-आउट केव्हाच हस्तांतरित झाला आणि फाइल इकडून गेली. परत पहिल्या कार्यालयात आलो तर फाइल पोहोचलेली नव्हती. दोन इमारतींमधले अंतर मी त्या दिवशी तीन वेळा कापले आणि वाटेत मला फाइल कोठेही भेटली नाही. चौथ्या वेळी एका साहेबांनी सुचवले की, रस्त्याच्या मालकाला पत्र द्या. मालकाचे नाव सातबाऱ्यावर आहे. तो मूळ शेतकरी वारून अकरा वर्षे झाली.

अखेर गुरुवारी खासगी टँकरवाला आला. रोख पैसे घेऊन त्याने पंचवीस मिनिटांत चेंबर मोकळे केले. उपसलेले कोठे नेऊन टाकणार, असे विचारल्यावर तो नुसता हसला. मी पुन्हा विचारले नाही.

गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींवरची बांधकामे नियमित करणाऱ्या गुंठेवारीच्या कायद्यावर श्रद्धा ठेवावी. २००१ साली तो आला, २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांनाही त्याची कवाडे उघडली, आपण शुल्क भरावे आणि नियमित व्हावे. घर नियमित झाले तरी घरापर्यंत येणारी वाट अनियमित राहू शकते, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

कचऱ्याची बादली भरून तयार ठेवावी आणि गाडीचे गाणे चौकात वाजू लागताच धावत सुटावे. घनकचऱ्याविषयी केंद्राने २०१६ साली काढलेल्या नियमांत घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याचे काम स्थानिक संस्थेवर टाकलेले होते आणि झोपडपट्ट्या व अनौपचारिक वस्त्याही त्यातून वगळलेल्या नव्हत्या. घर कोणाच्या रस्त्यावर आहे, असा प्रश्न त्या नियमांनी विचारल्याचे मला तरी आढळले नाही. तो प्रश्न फक्त गाडी विचारते.

मालमत्ता कराचे बिल घेऊन येणाऱ्या गृहस्थांचे मात्र स्वागत करावे. मुरूम, खड्डे, काळी माती, काहीही त्यांना अडवीत नाही. त्यांची मोटरसायकल सिमेंटच्या कडेवरून अलगद खाली उतरते, थेट फाटकापर्यंत येते आणि रस्ता खासगी आहे म्हणून ते चौकातून बिल भिरकावत नाहीत. त्या बिलात पथकराची एक ओळ असते. पथ कोणता, ते लिहिलेले नसते.

ती ओळ मी काल पुन्हा वाचली आणि माझा संयम सुटला. कर घेताना रस्ता शहराचा आणि मैला उपसताना मेलेल्या शेतकऱ्याचा, हा कोणता हिशेब आहे? रस्ता खासगी असेल तर पथकराचा रकाना कोरा ठेवा. पैसे घेतले असतील तर गाडी आत आणा. तुंबलेल्या चेंबरवरची माशी जेव्हा मुख्य रस्त्यावरच्या उपाहारगृहात जाते, तेव्हा तिला कोणी कडेवर थांबवून सातबारा मागत नाही, एवढे तरी तुमच्या ध्यानात यायला हवे होते. लाज वाटली पाहिजे. आणि शेजाऱ्यांनो, दर निवडणुकीआधी दोन ट्रक मुरूम पडला की ज्याच्या गळ्यात आपण हार घालतो, त्याला ले-आउटची फाइल कोठे आहे, हे आपल्यापैकी एकानेही आजवर विचारलेले नाही. मीही नाही.

आज सकाळपासून चेंबरच्या झाकणाच्या भोकातून पुन्हा बुडबुडे येऊ लागले आहेत. सोमवारी साडेदहा वाजता मी बिल आणि पावत्यांची पिशवी घेऊन झोन कार्यालयात येत आहे. त्या ओळीतला पथ कोणाचा, ते मला तेथेच, सही-शिक्क्यासह, लिहून द्यावे.