एकदिलाने वगैरे काही नव्हतं

कोरोनाकाळावरच्या एका लेखात म्हटलंय की मार्च २०२० मध्ये सगळा देश एकदिलाने सरकारच्या पाठीशी उभा होता. अहो, आमच्या एका सोसायटीतसुद्धा एकमत नव्हतं! २२ मार्चच्या जनता कर्फ्यूला संध्याकाळी पाच वाजता आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आभारासाठी दारात, बाल्कनीत थाळ्या वाजवायच्या होत्या. काही ठिकाणी तर मंडळी रस्त्यावर मिरवणूक काढून मोकळी झाली. मग २४ तारखेला पंतप्रधानांचं रात्री आठचं भाषण आणि बारापासून टाळेबंदी. मध्ये फक्त चार तास. भाषण संपायच्या आत लोक किराणा दुकानाकडे पळाले, मीही त्यातलाच.

५ एप्रिलला रात्री नऊला नऊ मिनिटं घरातले दिवे घालवून पणत्या लावायच्या होत्या, त्याचं तर विचारूच नका. तेव्हाचे राज्याचे ऊर्जामंत्री नितीन राऊत ग्रीडच्या (वीजवाहिन्यांच्या जाळ्याच्या) काळजीपोटी सगळे दिवे एकदम घालवू नका म्हणाले, तर व्हॉट्सॲपवर त्यावरूनही दोन तट. (देशातली विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली, तरी ग्रीड टिकलं.)

पण १४ एप्रिलला वांद्रे स्टेशनबाहेर गावी जाण्यासाठी जमलेली गर्दी, तीही टाळेबंदीवरची प्रतिक्रियाच होती ना? स्थलांतरित मजुरांसाठीच्या खास श्रमिक रेल्वेगाड्या सुटल्या १ मेपासून. तोवर माणसं गावाकडे पायी चालतच होती. लेखात त्यांच्यावर एक ओळही नाही.