गोव्याच्या तावेर्नाबद्दल, जरा रागातच

आज सकाळी एका ग्रुपवर कुणीतरी बार्देशातल्या जुन्या तावेर्नाचा, म्हणजे गावातल्या छोट्या फेणीच्या दुकानाचा, फोटो टाकला होता. फळीवर काचेचे गाराफांव, म्हणजे दारूचे मोठे बुधले, मागे भिंतीवर क्रूस. खाली पहिलीच कमेंट, "गुत्त्याचा कसला आलाय इतिहास?" आणि त्यावर हसणाऱ्यांची रांग. डोकंच फिरलं.

मी सावंतवाडीचा. लहानपणी मामाबरोबर म्हापशाला गेलो की परतताना असाच एक तावेर्न ठरलेला. तिथली आजी फेणी उंचावरून ओतायची आणि ग्लासाच्या कडेला बुडबुड्यांची माळ किती वेळ टिकते ते बघायची. माळ टिकली तर माल चोख. पण त्याआधी दोन थेंब उंबऱ्याबाहेर, मातीत. "पयलें राखणदाराक, मागीर तुमकां." राखणदार म्हणजे गाव राखणारा देव. गळ्यात क्रूस घातलेली बाई हे म्हणायची आणि बाकावरच्या कुणालाच त्यात नवल वाटायचं नाही. हा इतिहास नाही?

काजू पोर्तुगीजांनी 16व्या शतकात ब्राझीलहून आणला, पण बोंडू, म्हणजे काजूची फळं, तुडवून, रस आंबवून, भाणाखाली, म्हणजे भट्टीच्या भांड्याखाली, जाळ लावून फेणी काढायचं कसब इथल्या माणसांचं. पहिल्या खेपेला निघतो तो हुर्राक, मार्च ते मे एवढाच मिळणारा. त्यात पुन्हा रस घालून भट्टी लावली की फेणी. 2009 मध्ये काजूफेणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी कागदोपत्री ती देशी दारूच राहिली. गोवा सरकारने वारसा पेय म्हणून मान दिला तो 2016 मध्ये! तीच फेणी मोठ्या हॉटेलात लिंबाची चकती लावून आली की तिचे फोटो काढता, आणि आजीचा मात्र गुत्ता?

दारूने घरं बसली, मान्य. आमच्या वाडीतही बसली. पण मामाने तिसरा ग्लास मागितला की ती आजी गाराफांवाला बूच लावून सांगायची, "घरा वच." आणि मामा मुकाट उठायचा. आजच्या कुठल्या बारवाल्याची ही टाप आहे?

म्हापशाचा देव बोडगेश्वर रात्री गावाची राखण करत फिरतो, वेताळाला वाहिलेल्या वहाणा चालून चालून झिजतात, हे सगळं मी त्या बाकावर लिंबूसोडा पीत ऐकलं. सुट्टीवर आलेला तारवटी बोटीवरचं सांगायचा, माडाची सूर काढणारा रेंदेर माडावरचं. आजी मध्येच कुणाचंतरी बोलणं दुरुस्त करायची. आता रागही उतरलाय, तिचा आवाजच आठवतोय.

आमच्या सिंधुदुर्गात आजही बिया काढून घेतात आणि बोंडू बागेत कुजतात. निदान ज्यांनी त्यांचं सोनं केलं त्यांना नावं तरी ठेवू नका. तुमच्या ओळखीत असा तावेर्न अजून चालू असेल तर चालवणाऱ्यांकडून भट्टीची रीत आणि राखणदाराच्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवा, आणि इथे खाली गावाचं नाव लिहा. मेच्या आत मी येतो.