टाकलंय, दिलेलं नाही

नळ पितळेचा होता. जुना, जाडजूड, वरचा मुलामा जागोजागी उडालेला आणि चावीच्या बुडाशी पिवळाधमक उघडा पडलेला. प्रभात रोडच्या मागच्या एका गल्लीत, रीडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायटीच्या फाटकाबाहेर सुक्या कचऱ्याची बादली होती, तिच्यात पिझ्झाच्या खोक्यांच्या वर तो पडला होता. मी वाकलो, उचलला, तळहातावर जोखला. तेवढ्यात वरून आवाज आला, "ओ! ठेवा ते."

गोष्ट गेल्या आठवड्यातली आहे. राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

मी भंगार का उचलतो हे एकदाचं सांगून टाकतो, म्हणजे सहानुभूतीचे फोन यायचे नाहीत. नाद आहे. कुणाला पहाटे उठून सिंहगड चढायचा असतो, मला बिघडलेला मिक्सर खोलायचा असतो. आणि यात चोरी नाही. आमच्या भागातला कचरा नेणाऱ्या ताईंशी माझा तोंडी पण पक्का करार आहे. सुक्या कचऱ्यात विकण्यासारखं जे निघेल ते त्यांचं, त्यावर तर त्यांचं घर चालतं. पण अख्खा मिक्सर भंगारवाल्यापुढे ठेवला तर तो लोखंडाच्या जवळपासचा भाव लावतो. आतल्या मोटरीचं तांबं सुटं करून नेलं, तर त्याला लोखंडाच्या वीसपट तरी पैसे. सुटं करायला मात्र तास-दीड तास जातो. "दादा, मी मोटरी खोलत बसू का चार सोसायट्या उरकू?" असं ताईंनी विचारलं आणि आमची भागीदारी सुरू झाली. मी आमच्या गॅलरीत बसून खोलतो, तांबं, पितळ, लोखंड वेगवेगळं बांधून त्यांना देतो. स्क्रू, स्प्रिंगा आणि बेअरिंगं माझी. बायकोच्या मते या व्यवहारात मी बिनपगारी कामगार आहे. ते खरं आहे, पण मला दुसऱ्या कुठल्या नोकरीत इतकी मजा आली नाही.

तर वरून आवाज आला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक काका, अंगात बनियन, हातात स्टीलचा पेला.

"दोन मिनिटं थांबा. मी खाली येतोय. पळू नका."

माझं वय बावन्न आहे, गुडघ्याला पट्टा आहे आणि पायात चपला होत्या. तरी त्यांनी 'पळू नका' म्हटल्यावर समोरच्या बंगल्यातला वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एक बाई थांबल्या. कुत्राही थांबला. हातात नळ धरून सार्वजनिक ठिकाणी उभं कसं राहावं, हे माणसाला कुणी शिकवत नाही. खाली धरला तर लपवल्यासारखा दिसतो, वर धरला तर मारायला उगारल्यासारखा. दोन मिनिटांची आठ झाली, कारण काका इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"कुठले?"

"इथलाच. पलीकडच्या गल्लीतला."

"भाड्याने?"

"स्वतःचं घर आहे."

त्यांनी मला चपलेपासून चष्म्यापर्यंत पाहिलं. "मग हे काय?"

"टाकलेलं होतं म्हणून घेतलं, काका."

"टाकलं होतं. दिलं नव्हतं."

यावर काय बोलणार? "अहो, पण बादलीत टाकलं म्हणजे तुम्ही सोडलंच ना त्याला?"

"कचऱ्यात सोडलं. तुमच्या हातात नाही सोडलं."

"वकील होतात का तुम्ही?"

"ऑडिट," काका म्हणाले. काही लोक 'सैन्यात' म्हणतात, त्या सुरात. "कचरा नेणाऱ्यांना कार्ड असतं. तुमचं दाखवा."

हे मात्र त्यांचं अगदी बरोबर होतं. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली उभी राहिली आणि महापालिकेने त्याच दशकात या लोकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे २००८ पासून 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या सभासद पालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलू लागल्या. आमच्या ताईंच्या गळ्यात कार्ड असतं, फोटोसकट. माझ्याकडे पॅन आहे, आधार आहे, वाचनालयाचं सभासदत्व आहे, पण बादलीत हात घालायचा परवाना म्हणाल तर नाही. त्या फुटपाथवर बेकायदा असलो तर मी एकटाच होतो.

"कार्ड नाही," मी म्हणालो.

"वाटलंच. नळ आमचा आहे. बिल आहे माझ्याकडे."

"नळाचं बिल?"

"थांबा."

आणि काका बिल आणायला परत वर गेले. नळ माझ्या हातातच होता. मी सरळ घरी जाऊ शकत होतो. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या नळाचं बिल जपून ठेवणारा माणूस मला पाहायचाच होता.

ते येईपर्यंत मी नळ नीट पाहून घेतला. हल्लीचे चकचकीत नळ हातात घेऊन बघा, बरेचसे जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. दुकानात आरशासारखे चमकतात आणि दोन पावसाळ्यांत आटे झिजून हातात येतात. लोहचुंबक लावून फरक कळत नाही, कारण चुंबक ना पितळेला चिकटतो ना जस्ताला. कानस मारावी लागते. खाली पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर तुमची फसगत. मोटरींचंही तेच. तांबूस रंगाची तार बघून हरखावं आणि पत्तीने खरवडलं की आतून पांढरं जर्मन, म्हणजे अॅल्युमिनियम, निघतं. एका नावाजलेल्या मिक्सरने मला असं फसवलंय, म्हणजे ताईंना फसवलंय. वर तो मिक्सर मीच लग्नात आहेर म्हणून कुणाला तरी दिलेला असू शकतो. आणि ज्यांना खरवडायचाही कंटाळा, ते वायरी जाळतात. नदीकाठाला कधी संध्याकाळी तो कडवट काळा धूर नाकात गेला असेल. त्या प्लास्टिकच्या धुराने छातीची वाट लागते ती लागतेच, शिवाय जाळलेल्या तांब्याला भावही कमी येतो. पण पोट हातावर असलेल्या माणसाला पत्तीने वायर सोलत बसायला कोण तास देणार?

जुन्या धातूचं या शहराला काय करायचं ते कधी कळलंच नाही. आमच्या आजीचा आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता, कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकून घेतलेला. घरात गॅसचा गीझर आला आणि बंब मोडीत गेला. त्या पैशात त्या वेळी प्लास्टिकच्या दोन बादल्या आणि एक टब आला, आणि सगळं घर खूश. आता तसलेच बंब जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मांडलेले दिसतात, आणि बाणेर-बालेवाडीकडची मंडळी ते मोटारीत घालून नेऊन त्यात मनीप्लांट लावतात. माझ्या मावसभावाकडे असा एक आहे. त्याला मी म्हणालो, पेटव की कधीतरी. तो म्हणाला, वेडा आहेस का, लिव्हिंग रूममध्ये आहे तो.

काका आले. हातात फाईल. फाईलला टॅग, टॅगाला गाठ. आत पिवळा पडलेला कागद, घडीवर फाटलेला, मागून पारदर्शक टेप. बोहरी आळीतल्या दुकानाचं बिल, साल १९७९. जांभळ्या कार्बनमध्ये लिहिलेलं, 'पितळी नळ, अर्धा इंची, नग ६'. खाली सही. मला मनापासून गहिवरून आलं आणि त्याच वेळी ओरडावंसंही वाटलं.

"मग बाकीचे पाच कुठेत?" मी विचारलं.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "ते बिल्डरला जाणार. करारात आहे, फिटिंग्ज, ग्रिल, दारं, सगळं त्याचं. हा एक मी रात्री काढला आणि भोकाला डट्टा मारला."

"मग टाकला कशाला?"

"सून म्हणाली, भाड्याच्या घरात ही अडगळ नको."

म्हणजे बिल्डरला मिळू नये म्हणून काढला, सुनेला नको म्हणून टाकला आणि मला मिळू नये म्हणून सकाळपासून पेला घेऊन गॅलरीत पहारा. "काका," मी म्हणालो, "मग कायद्याने हा बिल्डरचा झाला. आपण दोघंही चोर."

ऑडिटचा माणूस यावर बराच वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "पितळ काय भावाने चाललंय?"

भाव त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता, मोबाइलमध्ये काढूनच खाली आले होते. मी सांगितलं की तो धातूबाजारातला भाव, भंगारवाला तेवढा देत नाही. शिवाय पैसे मला नाहीत, ताईंना मिळणार. त्यांना ते पटलं नाही. या वयाचा घरदार असलेला माणूस दुसऱ्याच्या फायद्यासाठी कचऱ्यात हात घालेल, हे त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसेना. "निम्मे-निम्मे," ते म्हणाले, आणि पुन्हा वर जाऊन नातीचा केकचा वजनकाटा घेऊन आले. फाटकाच्या कठड्यावर काटा, काट्यावर नळ. चारशे दहा ग्रॅम. कुत्रावाल्या बाईंनीही वाकून आकडा पाहिला आणि मगच त्या गेल्या.

तेवढ्यात ताई आल्या, ढकलगाडी घेऊन.

"हे तुमच्यातले का?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"दादा व्हय? हायेत की आमच्यातलेच." इतका मोठा किताब मला आजवर कुणी दिलेला नाही.

"या नळाचे निम्मे पैसे माझे. मी तुला आधीच सांगून ठेवतोय."

ताईंनी नळाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. "ते बघू काका. पर तुमचं कचऱ्याचं पैसं ऱ्हायल्यात दोन महिन्यांचं."

"ते सोसायटी बघते."

"सोसायटी म्हंती घरटी घ्या."

"अगं, बाजूला हो, आमचं जरा बोलणं चाललंय."

माझा विनोद इथे संपला. मला 'कुठले, घर स्वतःचं का', मला इस्त्रीचा शर्ट, मला १९७९ चं बिल. आणि तिला 'अगं, बाजूला हो'. गळ्यात कार्ड तिच्या, करार तिचा, आणि आमचं बोलणं चाललं होतं तेही तिच्याच मालाबद्दल. हाच नळ तिने उचलला असता तर काका खाली आलेच नसते. वरूनच वॉचमनला हाक गेली असती, आणि पुढच्या गुरुवारी सोसायटीतून काहीही हरवलं असतं, अगदी सायकलची घंटा, तरी पहिलं नाव तिचं आलं असतं. महिन्याला जेमतेम शंभराच्या आसपासची रक्कम द्यायला या गल्लीतली माणसं सुट्टे नाहीत म्हणतात. डायपर आणि पॅड वेगळे गुंडाळून द्यावेत असा २०१६ पासून नियम आहे, तो लिफ्टशेजारी चिकटवलेलाही आहे, आणि तरी ते सुक्या बादलीतच सापडतात. मागे फुटकी ट्यूबलाइट कुणीतरी वर्तमानपत्रसुद्धा न गुंडाळता टाकली होती, ताईंच्या आंगठ्याला टाके पडले. तेव्हा गॅलरीतून कुणी म्हणालं नाही की थांबा, ट्यूब आमची आहे, बिल आहे. तेव्हा सगळं टाकलेलंच असतं. मालकी जागी होते ती दुसऱ्याला चार पैसे सुटतील असा वास आल्यावर.

हे सगळं मी काकांना बोललो का? नाही. मी म्हणालो, "काका, तुमचे निम्मे मी माझ्या खिशातून आत्ता देतो."

"उपकार नकोत. हिशेब द्या."

मग त्या बिलाच्याच पाठीमागे त्यांनी लिहिलं, 'प्राप्त, पितळी नळ नग एक, वजन ४१० ग्रॅम, विक्रीपश्चात हिशेब देण्याच्या अटीवर'. मी सही केली. मोबाइल नंबर लिहिला. साक्षीदार म्हणून वॉचमनची सही घेतली, तो बिहारचा आहे आणि आपण कशावर सही करतोय हे त्याने दोनदा विचारलं. ताई तोवर ओला कचरा भरून पुढच्या फाटकाला पोचल्या होत्या.

रविवारी नळ विकला गेला. भंगारवाल्याने चावीचा लोखंडी स्क्रू काढला, वॉशर काढला, आट्यांतली सुतळी कोरली, तोंडातला क्षार ठोकून पाडला आणि तीनशे सत्तर ग्रॅमचे पैसे मोजले. ते ताईंकडे गेले. काकांचं निम्मं मी माझ्या खिशातून, त्यांना न सांगता, मोबाइलवरून पाठवून दिलं.

काल त्यांचा फोन आला. पैसे पोचले, पण बाकी चाळीस ग्रॅम कुठे गेले ते लेखी हवंय. काढलेला स्क्रू आणि वॉशर पुरावा म्हणून जमा करायचेत. ते आता दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, पत्ता पाठवलाय, वेळ संध्याकाळी साडेपाचची दिलीय. "आणि येताना तुमचा तो पाना घेऊन या," काका म्हणाले. "इथला नळ नवाकोरा आहे, पण आल्या दिवसापासून गळतोय."