झूम आणि ट्रॉली एकच? प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. झूम आणि ट्रॉली (कॅमेरा बसवून सरकवायची चाकांची गाडी) वेगळे आहेत, असं मी लेखात लिहिलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'झूम केलं काय नि ट्रॉली पुढे ढकलली काय, माणूस पडद्यावर मोठाच होतो. बाकी सगळा शब्दांचा कीस. आणि झूमला स्वस्तातली पळवाट कशाच्या जोरावर म्हणता?' असं तुम्ही लिहिलंत. दुसऱ्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. पहिल्यावर मी ठाम आहे.

घरी करून बघा. टेबलावर तांब्या ठेवा, त्याच्या मागे आठ-दहा फुटांवर दार असू द्या. आधी लांब उभं राहून मोबाइलवर झूम करून फोटो काढा. मग झूम काढून टाका आणि तांब्या तेवढाच दिसेपर्यंत चालत जवळ जा. दोन्ही फोटो शेजारी ठेवा. तांब्या तेवढाच, पण पहिल्या फोटोत दार त्याच्या पाठीला येऊन चिकटलंय, दुसऱ्यात पार मागे गेलंय. झूम समोरच्या दृश्याचा तुकडा मोठा करतो. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं आपसातलं प्रमाण तेच राहतं. ट्रॉली सरकली की ते प्रमाणच बदलतं, कारण कॅमेऱ्याने जागा सोडलेली असते.

दिग्दर्शक हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' चित्रपटातला (1958) नायक उंचीला घाबरतो. मनोऱ्याच्या जिन्यातून तो खाली बघतो तेव्हा तळ लांब लांब जात राहतो. तिथे ट्रॉली एकीकडे आणि झूम उलटीकडे, असे दोन्ही एकाच वेळी चालवले होते. दोन्ही एकच असते, तर एकाने दुसऱ्याला खोडलं असतं आणि पडद्यावर काहीच हललं नसतं! कॅमेरा खऱ्या जिन्यात वर-खाली करण्याची यंत्रणा फार महाग पडत होती, म्हणून जिन्याची छोटी प्रतिकृती करून ती आडवी ठेवली आणि ट्रॉली जमिनीवरूनच चालवली. मला शॉटइतकीच ही युक्ती आवडते.

आता झूमबद्दल. कुब्रिकच्या 'बॅरी लिंडन'मध्ये (1975) कितीतरी दृश्यं एखाद्या चेहऱ्यावर किंवा पिस्तुलावर सुरू होतात, आणि झूम इतका सावकाश मागे येतो की माणसं लहान होत होत एखाद्या जुन्या निसर्गचित्रात बसल्यासारखी वाटतात. तिथे ट्रॉली वापरली असती तर दृश्याची खोली जाणवली असती आणि चित्राचा भास मोडला असता. झूमचा सपाटपणाच तिथे हवा होता. हे ठाऊक असूनही मी लेखात सरसकट 'पळवाट' लिहिलं, ते चुकलं. ते वाक्य आज काढलं आहे. ट्रॉलीचा परिच्छेद मात्र आहे तसाच ठेवतोय.