पोथी स्कॅन जरूर करा, पण तापीत सोडू नका

खानदेशातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: घरातल्या जुन्या पोथ्या, मोडी कागद, नकाशे सांभाळण्यात आता अर्थ नाही. महत्त्वाचं ते सगळं छापून झालंय. वाचता येत नाही ते ठेवून काय करणार? मोबाइलवर स्कॅन करा. ठेवायचंच असेल तर लॅमिनेट करा, नाहीतर चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमावर विसर्जन करा. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण स्कॅनचा सल्ला सोडला तर यातलं काहीच टिकत नाही.

‘छापून झालंय’ हे आधी घेऊ. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ती पोथी एकनाथांच्या आधीची, असं त्यांचं म्हणणं. छापील पुस्तक आहे, मूळ पोथी मात्र आज उपलब्ध नाही. मग ती खरंच किती जुनी होती, अक्षरांचं वळण कोणत्या काळचं, राजवाड्यांनी वाचलं तेच तिथे लिहिलेलं होतं का? शंभर वर्षं उलटली तरी अभ्यासकांचा वाद मिटत नाही, कारण समोर ठेवून तपासायला वस्तूच नाही. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ त्याच गावात उभं राहिलं. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. तिथली रामदासी हस्तलिखितांची बाडं शंकरराव देवांनी मठामठांतून गोळा केली. दासबोध तेव्हाही छापलेला होताच. त्यावर समाधान मानून देव घरी बसले असते तर ती बाडं आज कुठे असती?

वाचता न येणं हे तर फेकायचं कारणच नव्हे. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पंथाबाहेर कुणाला वाचता येत नव्हत्या. किल्ली सापडली आणि जुन्या मराठी गद्याचं मोठं दालन उघडलं. मोडी तर त्या मानाने सोपी. ती शिकवणारे आजही आहेत.

स्कॅन चांगलाच. मूळ पान वारंवार हाताळावं लागत नाही, दूरच्या माणसालाही मजकूर वाचता येतो. पण स्कॅनमध्ये येतो तो फक्त मजकूर. एरंडोलला आणि यावलला एकेकाळी हातकागद बनत असे. समोरचा कागद तशा जातीचा की बाहेरून आलेला, हे पान उजेडासमोर धरून, बोटाने घोटाई पाहून कळतं. हरताळ (पिवळा खनिज रंग) लावून बुजवलेलं अक्षर, मागाहून शिवलेलं पान, काजळीच्या शाईवर चढलेली दुसरी शाई, हे सगळं मोबाइलच्या फोटोत सपाट होतं. (शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेल्या, पोथ्या हस्तलिखितच वाटतात. फोटोवरून तर हमखास फसगत होते.)

लॅमिनेशनचा सल्ला सर्वांत घातक. ते गरम करून चिकटवतात आणि कागदाला इजा न करता पुन्हा काढता येत नाही. आम्ल असलेला कागद आतल्या आत कुजत राहतो. खरं तर चिंध्यांचा, तागाचा जुना हातकागद चिवट असतो. तुकडे पडतात ते बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या लाकडी लगद्याच्या छापील पुस्तकांचे. उष्णतेने ही झीज वाढते, आणि मे महिन्यात भुसावळला काय तापतं ते वेगळं सांगायला नको. सेलोटेपही नको, त्याच्या डिंकाचे डाग जात नाहीत. जाणकार पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ वापरतात, कारण ते पुढे पाण्याने सोडवता येतं.

नकाशांचं म्हणाल तर ‘गूगलवर सगळं आहे’ हे आजच्या जमिनीपुरतं खरं. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. अशा गावांच्या जुन्या वाटा, नाले, हद्दी आता जुन्या नकाशावरच शोधाव्या लागतात.

तेव्हा विसर्जन नको. धुतलेल्या, कोरड्या हातांनी पोथी सुती कापडात बांधा. धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराच्या भिंतीला ओल येते, म्हणून गाठोडं भिंतीला टेकवू नका. सांभाळणं जमत नसेल तर धुळ्यातल्या संस्थांकडे विचारा. आणि पोथी कोणत्या गावातून, कुणाच्या घरातून आली हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून गाठोड्यात घाला.