‘शेवटपर्यंत ऐकलेला दिसत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. (‘सप्रेम’ सवयीनं आलंय, फार मनावर घेऊ नये.)

गेल्या आठवड्यात मी ‘फिश गेला, पाटी राहिली’ हा लेख लिहिला. मरिलियन हा इंग्लंडचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड १९८८ मध्ये गायक फिश बाहेर पडला तेव्हाच संपला, पुढे चाललं ते त्याच पाटीखालचं दुसरं दुकान, एवढंच त्यात म्हणणं होतं. दाखल्याला बालगंधर्व बाहेर पडल्यावरची किर्लोस्कर नाटक मंडळी होती, आणि फिशनंतरच्या गायकाच्या, स्टीव्ह हॉगार्थच्या, ‘सीझन्स एंड’ आणि ‘ब्रेव्ह’ या अल्बमांवर शेरे होते. त्यावर आपण नाव न लिहिता, रात्री पावणेदोनला, जी प्रतिक्रिया टाकलीत ती इथे सगळीच्या सगळी देतो. मी काही लपवलं असं व्हायला नको.

“लेखक १९८५ मध्ये अडकलेत. फिश सात वर्षं गायला, स्टीव्ह हॉगार्थ १९८९ पासून आजतागायत गातोय, मग मरिलियन कुणाचं? श्रोत्यांनी स्वतःचे पैसे घालून हा बँड जगवला, तो काय पाटीसाठी? ‘ब्रेव्ह’ लेखकाने शेवटपर्यंत ऐकलेला दिसत नाही. ‘सीझन्स एंड’ १९९० चा नाही, १९८९ चा. किर्लोस्कर मंडळीचा दाखलाही अर्धवट. बालगंधर्वांनंतर तिथे दीनानाथ होते. आठवणींचे कढ म्हणजे समीक्षा नव्हे, काका.”

आधी चूक कबूल करतो. ‘सीझन्स एंड’ १९८९ चाच. मी ती कॅसेट १९९० मध्ये भरून घेतली, वर बॉलपेननं तेच साल टाकलं आणि तेच लेखात उतरलं. दुरुस्ती केली आहे, आभार. चूक दाखवली की मी मान्य करतो. सगळेच करतात असं नाही.

आता ‘काका’. माझं वय पंचावन्न आहे, सोसायटीतली पोरं मला काकाच म्हणतात, मला त्याचं काही नाही. पण ती काका म्हणून हाक मारतात आणि मग गाडी थोडी पुढे घ्या म्हणतात. तुमचा काका वाक्याच्या शेवटी स्वल्पविराम देऊन आलाय. लोकलमध्ये चौथी सीट मागताना ‘जरा सरका, काका’ म्हणतात, तो हा काका. त्याचा अर्थ मला चांगला कळतो.

आणि मुख्य वाक्य. “‘ब्रेव्ह’ शेवटपर्यंत ऐकलेला दिसत नाही.” जरा हे ‘दिसत नाही’ बघा. ‘ऐकलेला नाही’ म्हणायची हिंमत नाही, कारण ते सिद्ध करावं लागलं असतं. ‘अर्जासोबत दाखला जोडलेला दिसत नाही’ असं खिडकीमागून म्हणतात ना, ती ही भाषा. दाखला जोडलेला असतो, बघणाऱ्यानं पान उलटलेलं नसतं. बाकीचं सगळं मी सोडून दिलं असतं, पण मी काय ऐकलं आणि काय नाही हे मला कुणीतरी पावणेदोन वाजता सांगावं?

माझं ऐकणं लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत सुरू झालं. सहा माणसं, एक पंखा, एक टेपरेकॉर्डर, तोही आत्याच्या लग्नातला. १९८२ च्या संपानंतर वडिलांची गिरणी काही सुरू झाली नाही, ते तेव्हा एका गोदामावर रात्रपाळीला वॉचमन होते. मी मराठी माध्यमाचा. त्यांचं ‘केली’ हे गाणं इंग्लंडात दुसऱ्या नंबरला गेलं होतं, लोक पोरींची नावं केली ठेवत होते, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’ची भरलेली कॅसेट हातात आली, तिला ना चित्र ना शब्द. मी एकेक ओळ मागेपुढे करून वहीत उतरवायचो आणि वीरकरांच्या डिक्शनरीत शोधायचो. ‘फुगाझी’ (त्यांच्या आधीच्या अल्बमचं नाव) हा शब्द वीरकरांत नाही, हे मी शपथेवर सांगतो. तो अमेरिकन सैनिकांचा व्हिएतनाममधला शब्द निघाला, आणि ते कळायला मला अकरा वर्षं लागली. आई म्हणायची, हा माणूस भांडतोय का रडतोय ते एकदाचं ठरवा. फिशवर याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

१९८७ मध्ये ‘क्लचिंग ॲट स्ट्रॉज’ आला. त्यातलं ‘शुगर माइस’ म्हणजे काम शोधत घर सोडून गेलेला, लांबच्या हॉटेलात बसून पीत असलेला बाप. ते गाणं मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. याला कढ म्हणायचं असेल तर म्हणा. पण हे शब्द त्या सहा फूट पाच इंची स्कॉटिश माणसाचे होते, जो सुरुवातीला संगीत नाटकातल्या नटासारखा तोंडाला रंग फासून उभा राहायचा. तो गेला तेव्हा शब्द घेऊन गेला. मी लेखात म्हटलं होतं की काडीमोडात भांडी वाटून घेतात तशी त्यांची वाटणी झाली. ‘सीझन्स एंड’च्या बऱ्याचशा चाली फिश असतानाच बसत आल्या होत्या, त्या बँडकडे राहिल्या. शब्द त्याच्या स्वतःच्या ‘व्हिजिल’ या अल्बममध्ये गेले. (तो मात्र १९९० चाच, तपासून घ्या.) मग बँडनं जॉन हेल्मरकडून शब्द लिहून घेतले आणि हॉगार्थला उभं केलं. या मुद्द्यावर आपल्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. का नाही, ते आपणच जाणे.

असो, ‘ब्रेव्ह’. १९९४. कॉलेजातल्या एका मित्राचा मामा बोटीवर होता, त्यानं सीडी आणली. आमच्याकडे सीडी प्लेयर कुठला? ग्रँट रोडला एकजण कॅसेट भरून द्यायचा, त्याच्याकडे सीडी नेली. त्यानं विचारलं, साठची की नव्वदची. नव्वदची महाग. मी टीडीकेची साठची दिली. तीच कॅसेट मी निदान चार वर्षं ऐकली. सेव्हर्न नदीच्या पुलावर एक मुलगी सापडते, ती कुणाशी बोलत नाही, नाव सांगत नाही, तिला कुणी ओळखतं का असं पोलीस रेडिओवर विचारतात. हॉगार्थनं ती बातमी ऐकलेली होती, त्यातून हा सगळा अल्बम निघाला. बँडच्या स्टीव्ह रॉथरीची गिटार त्यात कशी खाली खाली उतरत जाते, हे मी तुम्हाला आत्ता तोंडानं वाजवून दाखवीन. ‘दिवे घालवून, मोठ्या आवाजात ऐका’ अशी त्या अल्बमवर सूचना आहे. आमच्याकडे दिवे दहाला घालवायचे ते वडील दिवसा झोपायचे म्हणून नव्हे, विजेचं बिल म्हणून. आणि मोठ्या आवाजात म्हणाल तर भिंतीपलीकडे घाणेकरांची म्हातारी आजारी. मी उशीखाली टेप घेऊन ऐकला. चार वर्षं ऐकला. याला ‘ऐकलेला दिसत नाही’ म्हणतात का?

आणि म्हणूनच लेखात लिहिलं की हा अल्बम मधेच सोडून दिल्यासारखा थांबतो, पुलावरच्या त्या मुलीचं पुढे काय होतं ते सांगायची यांच्यात ताकद नाही, फिशनं सांगितलं असतं.

परवा हे उत्तर लिहायला बसलो आणि आपल्याला आकडा तोंडावर मारावा म्हणून लांबी बघितली. अल्बम एकाहत्तर मिनिटांचा आहे.

साठच्या कॅसेटमध्ये एकाहत्तर मिनिटं मावत नाहीत, हे मलाही कळतं. शेवटची दोन गाणी, ‘द ग्रेट एस्केप’ आणि ‘मेड अगेन’, मिळून साधारण ती वरची अकरा मिनिटंच भरतात. त्याच्या एलपीवर तर म्हणे शेवटच्या बाजूला दोन ग्रूव्ह शेजारी शेजारी कोरल्या होत्या, सुई जिथे पडेल तो शेवट ऐकू यायचा, एक आशेचा आणि एक पाण्याचा. मला दोन्हींतला एकही मिळाला नाही. ही ग्रँट रोडच्या त्या माणसाची आणि माझ्या खिशाची बाब आहे, कानाची नाही. तांत्रिक मुद्दा म्हणून नोंदवून ठेवतो. तुम्हाला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं, तुम्ही अंदाजानं दगड मारलात आणि तो लागला. दगड मारणाऱ्याला नेमबाज म्हणत नाहीत.

बाकीचे मुद्दे भराभर. वर्षांचं गणित: गिरणीत बाप सात वर्षं टिकला आणि मुकादम तीस, म्हणून कापड मुकादमानं विणलं असं होत नाही. श्रोत्यांचे पैसे: १९९७ चा अमेरिकेचा दौरा लोकांनी वर्गणी काढून करवला, २००१ च्या ‘अनोरॅकनोफोबिया’ला बारा हजारांवर लोकांनी अल्बम तयार व्हायच्या आधीच पैसे मोजले, हे मला माहीत आहे आणि याचं कौतुकही आहे. लालबागला राहून वर्गणीचं मोल मला शिकवू नका. पण वर्गणी भरपूर जमली म्हणून मूर्ती चांगली होते असं नाही. दीनानाथ: होते, मान्य. आणि १९१८ मध्ये तेही बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी काढली. म्हणजे दाखला माझ्याच बाजूचा झाला, आपण आणून दिलात. जेनेसिस या बँडचं उदाहरण कुणीतरी देईलच म्हणून आत्ताच सांगतो: पीटर गेब्रिएल १९७५ मध्ये गेला तेव्हा गाणारा फिल कॉलिन्स हा घरातलाच, पाच वर्षं त्यांच्यात ड्रम वाजवत असलेला. बाहेरून आणलेला नव्हे.

हॉगार्थ वाईट गातो असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पुन्हा वाचा. तो क्रिकेटच्या बॅटीला मिडी (इलेक्ट्रॉनिक सूर काढायची जोडणी) जोडून स्टेजवर वाजवतो, हे कळल्यावर शिवाजी पार्कात बारा वर्षं फील्डिंग केलेल्या माणसाला त्याचा राग येईल कसा? माझं म्हणणं फक्त पाटीबद्दल होतं. २६ ऑगस्ट २००७ ला इंग्लंडातल्या एल्सबरीच्या बाजारचौकात फिश त्यांच्याबरोबर पुन्हा उभा राहिला, एका गाण्यापुरता, ‘मार्केट स्क्वेअर हीरोज’. त्याचं मोबाइलवर काढलेलं चित्रण बघा. माझा मुद्दा त्यात आहे. तुम्हाला दिसला नाही तर मी काय करणार.

माझं मत कायम आहे. लेखातला ‘मधेच थांबतो’ हा परिच्छेद मात्र काढून टाकलाय, तो तसाही लांबला होता.

काल रात्री घरचे झोपल्यावर हॉलमधले दिवे घालवले आणि मुलाचे हेडफोन लावून ती शेवटची अकरा मिनिटं ऐकली. मग पुन्हा ऐकली. बायको पाणी प्यायला उठली, अंधारात काय करतोयस म्हणाली. तिला काही सांगितलं नाही, आणि आपल्याला सांगायला तर मी मुळीच बांधील नाही.

पुढच्या वेळी नाव लिहा.