‘पोट्टे बिघडतात’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

सर, बीएस्सी प्रथम वर्षाच्या केमिस्ट्रीची फेरमांडणी कशी करावी, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलं: ‘असे लाड करून पोट्टे बिघडतात, दर्जा जातो. शेतीचे बहाणे ऐकून घेऊ नका. वर्गात कधी उभे राहिले का तुम्ही?’ मुद्दा होता तर सरळ मांडायचा. असा दाखला मागणं ही बोलायची रीत नव्हे. मागितलाच आहे तर ऐका: यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी हाच वर्ग शिकवतो, प्रॅक्टिकलच्या बॅचही मीच घेतो.

आता दर्जा. पेपर विद्यापीठाचाच, अभ्यासक्रम तोच. आपलं कुठे अडतं हे पोराला हिवाळी परीक्षेच्या निकालात कळण्याऐवजी ऑगस्टमध्येच कळावं, एवढंच मी म्हणतो. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांची बिनगुणांची चाचणी घ्या: गुणोत्तर, घातांक, एककं, मोल (पदार्थाचं प्रमाण मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक). यात कच्चा राहिलेला पोरगा पुढे टायट्रेशनला, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणावरून दुसऱ्याची तीव्रता काढायला, अडतोच.

0.1 नॉर्मल (ही तीव्रता, म्हणजे नॉर्मॅलिटी) ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं 250 मिली द्रावण घ्या. स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून इक्विव्हॅलंट वेट (1 नॉर्मलच्या एक लिटरला लागणारे ग्रॅम) 63 आणि वजन 1.575 ग्रॅम. पोरगा पाणी विसरतो, 45 धरतो, 1.125 ग्रॅमच तोलतो. द्रावण होतं 0.071 नॉर्मलच्या आसपास, गणितात मात्र तो 0.1 धरतो, आणि त्यावरून काढलेली सोडियम हायड्रॉक्साइडची नॉर्मॅलिटी खरीच्या 1.4 पट येते. ब्युरेटचं (खुणांच्या नळीचं) रीडिंग अचूक, गुलाबी रंगही वेळेवर टिपलेला, तरी उत्तर चूक. आपण शेरा मारतो ‘निष्काळजी’, आणि पोरगा समजतो की आपल्याला टायट्रेशन जमत नाही. म्हणून तोलण्याआधी वहीत सूत्र, इक्विव्हॅलंट वेट आणि ग्रॅम या तीन ओळी लिहून घ्याव्यात. सही झाल्याशिवाय तराजूला हात लावू देऊ नये. यात लाड कोणता? काम वाढतं, त्याचंही आणि आपलंही.

शंभरावर पेपर तपासणं जड जातं, हे तुमचं म्हणणं मान्य. म्हणून पाचच प्रश्न ठेवा, पंधरा मिनिटांत उरका, पण पुढच्याच तासाला परत द्या. पंधरा दिवसांनी मिळालेला पेपर कोणी उघडून बघत नाही. दोन क्रेडिटच्या पेपरला 30 तास असतात. सुरुवातीची चाचणी आणि नंतरच्या अशा चार, सगळं दीड तासाच्या आत बसतं.

‘बहाणे’ हा शब्द मात्र मला लागला. सप्टेंबरअखेरीपासून सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. मजूर मिळत नाही तेव्हा घरचंच पोरगं वावरात जातं. त्याला बहाणेबाज म्हणण्याआधी थोडा विचार करायला हवा होता. अवघड प्रकरणं त्याआधी संपवा आणि चारपैकी चांगल्या तीन चाचण्यांचे गुण धरा. एक बुडाली तरी वर्ष बुडत नाही.

अनुदान आणि हजेरीच्या मशीनवरचे तुमचे टोमणे माझ्या लेखाचा विषय नाहीत. तुमच्या एका बॅचच्या प्रॅक्टिकल वह्या उघडा, 63 किती जणांनी धरले आणि 45 किती जणांनी ते मोजा, आणि मग लिहा.